पार्किन्सनच्या आजारात कॅल्शियमची भूमिका : गोळीतले कॅल्शियम आणि पेशीतले कॅल्शियम

कंपवात अर्थात पार्किन्सनच्या आजारात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात, ही माहिती आता बहुतेक वाचकांना आहे. मेंदूतील अब्जावधी पेशी सोडून नेमक्या याच पेशींवर ही वेळ का येते, या प्रश्नाचा शोध घेताना शास्त्रज्ञांचे लक्ष गेल्या दोन दशकांत कॅल्शियमकडे वळले. त्यातून एक सुसंगत सिद्धांत पुढे आला, उच्च रक्तदाबावरील एका जुन्या औषधाकडून मोठ्या अपेक्षा बाळगण्यात आल्या आणि ३३६ रुग्णांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत त्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत. हा सर्व प्रवास समजून घेणे रुग्णांच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण त्यातील अर्धवट माहितीच्या आधारे औषधांमध्ये परस्पर बदल केले जाण्याचा धोका असतो.

या विषयावरील वृत्त मराठीत आणताना एक अडचण हमखास येते. 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' या औषधगटाचे भाषांतर 'कॅल्शियम रोधक' असे केले की वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती हाडांसाठी घेतली जाणारी पांढरी गोळी आणि दुधाचा पेला. मग कॅल्शियम मेंदूला घातक असेल तर त्या गोळ्या बंद कराव्यात का, दूध सोडावे का, असे प्रश्न ओघानेच येतात. भाषांतर चुकीचे नसते, परंतु 'वाहिनी' हा मधला शब्द गळून पडल्यामुळे अर्थाचा अनर्थ होतो. या लेखात म्हणून 'कॅल्शियम-वाहिनी रोधक' असा थोडा लांबलचक शब्द वापरला आहे.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांमध्ये आणि दातांमध्ये साठवलेले असते. उरलेला अल्पसा भाग रक्तात, पेशींभोवतालच्या द्रवात आणि पेशींच्या आत असतो. पेशीबाहेरच्या द्रवातील कॅल्शियमचे प्रमाण पेशीच्या आतील प्रमाणापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी अधिक असते. एखादे कोरडे गाव तुडुंब भरलेल्या धरणाच्या पायथ्याशी वसलेले असावे, तशी प्रत्येक पेशीची अवस्था असते. धरणाचे दरवाजे म्हणजे पेशीच्या आवरणावरील कॅल्शियम-वाहिन्या. त्या क्षणभर उघडतात, थोडे कॅल्शियम आत शिरते आणि त्या संकेतावर स्नायू आकुंचन पावतो, ग्रंथी स्राव सोडते, चेतापेशी आपला निरोप पुढच्या पेशीला देते. काम झाले की आत आलेले कॅल्शियम पुन्हा उपसून बाहेर टाकावे लागते आणि या उपशासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते.

कॅल्शियमच्या या कार्याचा पहिला स्पष्ट पुरावा १८८३ मध्ये लंडन येथे सिडनी रिंगर यांना मिळाला, तोही काहीसा योगायोगानेच. बेडकाचे हृदय क्षाराच्या द्रावणात ठेवले असता ते बराच वेळ स्पंदन पावत असे. पुढे हेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात तयार केले, तेव्हा स्पंदन थांबले. आधीचे द्रावण लंडनच्या नळाच्या पाण्यात तयार झालेले होते आणि त्या पाण्यातील कॅल्शियमच हृदयाला चालू ठेवत होते, हे रिंगर यांनी सिद्ध केले. सुमारे ऐंशी वर्षांनंतर, १९६० च्या दशकात, जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी पेशीमध्ये कॅल्शियमचा प्रवेश रोखणाऱ्या औषधांचा अभ्यास केला. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंमध्ये कॅल्शियम कमी शिरले की त्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. आज भारतात घरोघरी घेतली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी याच गटातील आहे. ती आहारातील किंवा हाडांतील कॅल्शियम कमी करीत नाही. ती केवळ दरवाजा अडवते.

रक्तदाबाचे औषध आणि कंपवात

रक्तदाबावरील औषध आणि कंपवात यांची गाठ कॅल्शियमच्या निमित्ताने प्रथमच पडली असे नाही. त्याआधीच्या कथेत मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रुग्णांवर अभ्यासला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यानंतर या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन हा घटक वेगळा करण्यात आला. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन सशांना निश्चल केले आणि नंतर डोपा हे द्रव्य टोचून त्यांना पुन्हा हिंडते-फिरते केले. १९५७ मधील या प्रयोगामुळे डोपामिनचे महत्त्व जगासमोर आले. कार्लसन यांना २००० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तीव्र कमतरता दाखवून दिली आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत तोंडावाटे डोपा देऊन रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा घडवून आणली.

आजही लेव्होडोपा हेच या आजारावरील सर्वांत परिणामकारक औषध मानले जाते. (आयुर्वेदात कंपवातासाठी सांगितलेल्या खाजकुयलीच्या बियांमध्ये हेच द्रव्य असल्याचे मद्रास येथील एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी १९३७ मध्येच सिद्ध केले होते. त्या वेळी त्याचा कंपवाताशी असलेला संबंध कोणाच्याही ध्यानात येणे शक्य नव्हते.) परंतु लेव्होडोपामुळे डोपामिनची उणीव भरून निघते, पेशींचा ऱ्हास थांबत नाही. आजार पुढे सरकत राहतो. हा ऱ्हास रोखणारे किंवा मंदावणारे एकही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि कॅल्शियमच्या सिद्धांताबद्दल एवढी उत्सुकता निर्माण होण्याचे कारणही हेच होते.

मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर रंगाचा लहानसा भाग आहे. डोपामिन निर्माण करणाऱ्या आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या पेशी येथे असतात. आजाराची लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतील फार मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. अगदी शेजारीच व्हेंट्रल टेग्मेंटल या नावाचा दुसरा भाग असून तेथील पेशीही डोपामिनच तयार करतात, मात्र त्या तुलनेने बऱ्याच सुरक्षित राहतात. एकाच द्रव्याची निर्मिती करणाऱ्या, एकमेकींच्या शेजारी असणाऱ्या पेशींपैकी एक गट मरतो आणि दुसरा तगतो, याचा अर्थ दोष केवळ डोपामिनचा असू शकत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डी. जेम्स सर्मायर यांच्या प्रयोगशाळेतून २००७ मध्ये आले. मेंदूतील बहुतेक चेतापेशी कोणाचा तरी निरोप आल्याखेरीज स्वस्थ असतात. सबस्टॅन्शिया नायग्रामधील पेशी मात्र हृदयाप्रमाणे आपोआप, दर सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा, स्पंदन पावतात. दिवसरात्र आणि जन्मभर हे चालू असते. प्रत्येक स्पंदनाबरोबर एल-प्रकारच्या, विशेषतः सीएव्ही १.३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहिन्यांमधून कॅल्शियम आत शिरते. आत आलेले कॅल्शियम तात्पुरते धरून ठेवणारी प्रथिने शेजारच्या सुरक्षित पेशींमध्ये पुरेशी असतात, येथे ती कमी आहेत. धरणाचा दरवाजा सतत किलकिला ठेवलेला आणि गावात पाणी साठवायला हौदही नाही, असा हा प्रकार आहे.

हा उपसा अखंड चालू ठेवण्याचा भार पेशीच्या तंतुकणिकांवर, म्हणजेच ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर, पडतो. शिवाय आत येणारे कॅल्शियम या तंतुकणिकांना अधिक ऊर्जा तयार करण्याचा इशाराही देते. ऊर्जेची तातडीने गरज असो वा नसो, भट्टी पेटतीच राहते आणि तिच्या धुरासारखी ऑक्सिजनची घातक संयुगे तयार होत राहतात. सर्मायर यांच्या गटाने २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा ऑक्सिडीकरणाचा ताण जिवंत पेशींमध्ये मोजून दाखवला. वाहिन्या अडवल्या असता हा ताण कमी झाला, तर डीजे-१ हे जनुक नसलेल्या उंदरांमध्ये तो वाढलेला आढळला. या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांमध्ये तरुण वयातच हा आजार होतो, हे आधीपासून माहीत होते. त्यामुळे दोन स्वतंत्र धागे एका ठिकाणी येऊन मिळाले.

या पेशींची आणखी एक बाजू ध्यानात घेतली पाहिजे. एका पेशीच्या तंतूला मेंदूच्या आत इतके फाटे फुटलेले असतात की माणसामध्ये एकट्या पेशीची संपर्कस्थाने दहा लाखांहून अधिक असावीत, असा अंदाज आहे. एवढा पसारा सांभाळण्यासाठी मुळातच प्रचंड ऊर्जा लागते. त्यात कॅल्शियमच्या उपशाची भर पडते आणि वय वाढत जाते. कंपवात साठीच्या आसपास का गाठतो, याचे कोडे या हिशेबातून बऱ्याच अंशी सुटते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पचनसंस्थेशी आणि झोपेशी निगडित असलेल्या मेंदूतील इतर काही पेशीसमूहांतही असेच कॅल्शियमवर चालणारे स्पंदन आढळले आहे. कंपवाताच्या रुग्णांना हातापायांचा कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी बद्धकोष्ठ आणि झोपेच्या तक्रारी असतात, ही बाबही येथे विचारात घेण्याजोगी आहे.

२००७ च्या शोधनिबंधातील सर्वाधिक लक्षवेधी भाग मात्र वेगळाच होता. पिल्लू अवस्थेतील उंदरांमध्ये हेच स्पंदन कॅल्शियमवर नव्हे, तर मुख्यतः सोडियमवर चालते, असे संशोधकांना आढळले. प्रौढ पेशींमधील कॅल्शियम-वाहिन्या इस्राडिपिन या रक्तदाबावरील औषधाने अडवल्या, तेव्हा पेशी आधी शांत झाल्या आणि काही वेळाने बालपणीच्या सोडियमच्या मार्गाने पुन्हा स्पंदन पावू लागल्या. या अवस्थेत कंपवात निर्माण करणारी विषारी द्रव्ये दिल्यानंतरही त्या मोठ्या प्रमाणात तगून राहिल्या. निबंधाच्या शीर्षकात 'पुनर्यौवन' या अर्थाचा शब्द होता. अशा शब्दाला वृत्तसंस्थांनी उचलून धरले नसते तरच नवल.

लोकसंख्येवर आधारित अभ्यासांतूनही काही प्रमाणात दुजोरा मिळाला. ब्रिटनमधील कौटुंबिक डॉक्टरांकडील नोंदींच्या २००८ च्या विश्लेषणात दीर्घकाळ कॅल्शियम-वाहिनी रोधक घेणाऱ्यांमध्ये कंपवाताचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळला. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारलेल्या २०१० च्या अभ्यासात मेंदूत प्रवेश करू शकणारी या गटातील औषधे घेणाऱ्यांमध्ये धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होता. ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही, कारण हे औषध रक्तातून मेंदूत फारसे जात नाही. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नव्हते, काहींमध्ये कोणताही संबंध आढळला नाही. तरीही एखादे जुने, स्वस्त आणि परिचित औषध हाताशी असताना प्रत्यक्ष चाचणी घेणे उचित होते आणि ती घेण्यात आली.

चाचणीचा निकाल

'स्टेडी-पीडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी आधीच्या टप्प्यात ९९ रुग्णांना इस्राडिपिनच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहण्यात आल्या. दररोज १० मिलिग्रॅम ही मात्रा बहुतेकांना सहन होते, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. त्यापुढच्या मात्रेत पायांवर सूज आणि चक्कर यांमुळे औषध चालू ठेवणे अनेकांना कठीण गेले. अंतिम टप्प्यातील चाचणी अमेरिका आणि कॅनडामधील ५७ केंद्रांमध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने पार पडली. निदान होऊन फार काळ न लोटलेले आणि अद्याप लेव्होडोपासारखे औषध सुरू न केलेले ३३६ रुग्ण तिच्यात सहभागी झाले. निम्म्यांना ५ मिलिग्रॅमची इस्राडिपिनची गोळी दिवसातून दोन वेळा आणि उरलेल्यांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळत आहे, हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नव्हते.

तीन वर्षांनंतर आजाराच्या तीव्रतेच्या गुणांकनात इस्राडिपिन घेणाऱ्यांमध्ये सरासरी २.९९ ची, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये ३.२६ ची वाढ झालेली होती. हा फरक नगण्य आहे. औषधाने आजाराची गती मंदावली नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर करण्यात आला आणि २०२० मध्ये सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

उंदरांमध्ये जे घडले ते माणसांमध्ये का घडले नाही, यावर अद्याप मतभेद आहेत. पहिला आक्षेप मात्रेसंबंधी आहे. इस्राडिपिन हे सीएव्ही १.३ या वाहिनीसाठी खास बनवलेले औषध नाही. रक्तवाहिन्यांमधील सीएव्ही १.२ या जवळच्या वाहिनीवर त्याचा प्रभाव अधिक असतो. त्यामुळे मेंदूतील वाहिन्या पुरेशा अडवण्याइतकी मात्रा देण्याआधीच रक्तदाब खाली येतो. चाचणीत वापरलेली गोळी रक्तात लवकर मिसळून लवकर ओसरणारी होती, ही दुसरी त्रुटी दाखवली जाते. चाचणीतील माहितीचे २०२१ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा ज्यांच्या शरीरात औषध अधिक प्रमाणात टिकून राहिले त्यांना लेव्होडोपासारखी औषधे काहीशी उशिरा सुरू करावी लागल्याचे आढळले. परंतु निकाल हाती आल्यानंतर केलेल्या अशा विश्लेषणाला मूळ चाचणीची बरोबरी करता येत नाही. अपयशानंतर समर्थनार्थ आकडे शोधण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही होतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिसरे म्हणणे अधिक गंभीर आहे. निदान होते तेव्हा पेशींचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो, आणि घर बरेचसे जळून गेल्यावर पहिली ठिणगी कशाने पडली याला फारसे महत्त्व उरत नाही. तसे असेल तर हेच औषध लक्षणांपूर्वी दहा-पंधरा वर्षे द्यावे लागेल. कोणाला द्यायचे, हे ओळखण्याचे साधन त्यासाठी आधी हवे.

कॅल्शियमचा विचार त्यामुळे सोडून देण्यात आला, असे मात्र नाही. कंपवाताच्या रुग्णांच्या पेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे गोळे साचतात. १९१२ मध्ये फ्रीडरिख लेवी यांनी प्रथम वर्णन केलेल्या या गोळ्यांचा हे प्रथिन मुख्य घटक असल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की या प्रथिनाच्या एका टोकाला कॅल्शियम चिकटते आणि त्यामुळे चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या, रासायनिक निरोप साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांशी त्याचा संबंध बदलतो. कॅल्शियम किंवा हे प्रथिन यांपैकी कोणतेही एक प्रमाणाबाहेर गेले तर गोळे तयार होण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. तंतुकणिकांतील बिघाडाबाबतचा पुरावाही बळकट झाला आहे. सर्मायर यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांच्या डोपामिन पेशींमधील तंतुकणिकांचा केवळ एक महत्त्वाचा घटक निकामी केला, तेव्हा त्यांच्यात टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा कंपवात निर्माण झाला आणि तो लेव्होडोपाने सुधारलाही. केवळ सीएव्ही १.३ वाहिनीलाच अडवणारे औषध तयार करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मात्र या दोन वाहिन्यांची रचना इतकी सारखी आहे की एकीला सोडून दुसरीला नेमके पकडणे रसायनशास्त्रज्ञांना अवघड जात आहे.

रुग्णांसाठी याचा अर्थ

रक्तातील किंवा आहारातील कॅल्शियम वाढल्यामुळे डोपामिन पेशींमध्ये शिरणारे कॅल्शियम वाढते, असा समज करून घेण्यास आधार नाही. रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर अत्यंत काटेकोरपणे राखते. धरणाची पातळी बोटभर वरखाली झाल्याने दरवाजा उघडत नाही. उलट कंपवाताच्या रुग्णांची हाडे समवयस्कांच्या तुलनेने ठिसूळ असतात. हालचाल कमी होते, घराबाहेर पडणे कमी झाल्याने सूर्यप्रकाश मिळत नाही, ड जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते आणि वजनही घटते. त्यात तोल जाऊन पडण्याचे प्रमाण अधिक. खुब्याचे हाड मोडल्यानंतर अंथरुणाला खिळलेला कंपवाताचा रुग्ण पुन्हा उभा राहणे किती कठीण असते, हे अशा रुग्णाची शुश्रूषा केलेल्या कोणत्याही कुटुंबाला सांगावे लागत नाही. डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व 'कॅल्शियम मेंदूला वाईट' अशा ऐकीव माहितीवरून बंद करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुधाविषयीचा प्रश्न किंचित गुंतागुंतीचा आहे. मोठ्या प्रमाणावर दूध पिणाऱ्या पुरुषांमध्ये कंपवाताचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे परदेशातील काही दीर्घकालीन पाहण्यांत दिसून आले आहे. होनोलुलू येथील अशाच एका अभ्यासात, २००५ मध्ये, कॅल्शियमचे प्रमाण स्वतंत्रपणे तपासण्यात आले तेव्हा त्याचा आजाराशी कोणताही संबंध आढळला नाही. दुधातील अन्य कोणत्या घटकामुळे हे होते किंवा मुळात दूध हे कारण आहे की नाही, याचा निर्णय झालेला नाही. लेव्होडोपा घेणाऱ्यांसाठी दुधाचा संबंध येतो तो प्रथिनांमुळे. प्रथिनांपासून तयार होणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत नेणारी वाहतूक व्यवस्था एकच आहे. गोळी भरपूर दूध, पनीर किंवा मांसाहारासोबत घेतली तर तिचा परिणाम उशिरा आणि कमी होऊ शकतो. त्यामुळे ज्यांना औषधाचा असर मधेच ओसरल्याचे जाणवते, त्यांना ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाचे शोषण कमी करतात, म्हणून त्या दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी दोन्ही बाजूंनी सावध राहिले पाहिजे. कंपवात टळेल या आशेने कॅल्शियम-वाहिनी रोधक सुरू करण्यास आजच्या घडीला कोणताही आधार नाही. कंपवातात, विशेषतः आजार जुना झाल्यावर, उठून उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येण्याची प्रवृत्ती असते आणि लेव्होडोपामुळे ती वाढू शकते. त्यात आणखी एका रक्तदाबाच्या औषधाची भर पडली तर पडण्याचा धोका बळावतो. ज्यांना उच्च रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे, त्यांनी मात्र चाचणी अयशस्वी झाली म्हणून ते थांबवण्याचे कारण नाही. ते रक्तदाबासाठी दिलेले आहे आणि ते काम ते करीतच आहे. उभे राहताना चक्कर येत असल्यास बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा.

कॅल्शियम आणि कंपवात यांचा आणखी एक संबंध आहे, जो प्रयोगशाळेत नव्हे तर औषधाच्या दुकानात आढळतो आणि ज्याची चर्चा त्या मानाने फार कमी होते. चक्कर येण्यावर दिले जाणारे सिनारिझिन आणि अर्धशिशीवर दिले जाणारे फ्लुनारिझिन ही दोन्ही औषधेही कॅल्शियम-वाहिनी रोधकच आहेत. भारतात ती मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. मात्र ती मेंदूत शिरतात आणि तेथे डोपामिनचे ग्राहकही अडवतात. परिणामी ती दीर्घकाळ घेणाऱ्या काही व्यक्तींमध्ये, विशेषतः वृद्धांमध्ये, हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न होतात. हालचाली मंदावतात, चेहरा भावशून्य होतो, हात थरथरू लागतात, मन खिन्न राहते. १९८० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची नोंद होत आली आहे. म्हणजे ज्या औषधगटातील एका औषधाकडून कंपवात रोखण्याची अपेक्षा होती, त्याच गटातील दुसरे औषध कंपवाताचा आभास निर्माण करते. गटाचे नाव सारखे असले तरी औषधाचे वर्तन सारखे असेलच असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

येथे खरी हानी होते ती निदानात. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षे चालू असलेल्या गोळीचा उल्लेख मेंदुविकारतज्ज्ञांपुढे होतच नाही. रुग्णाला कंपवात झाला असे समजून लेव्होडोपा सुरू होते आणि मूळ गोळीही चालूच राहते. दोषी औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांची लक्षणे ओसरतात. काहींमध्ये ती कायम राहतात, अशा व्यक्तींमध्ये खरा कंपवात आधीपासूनच दबा धरून बसलेला असावा, असे मानले जाते. तपासणीस जाताना कागदावर औषधांची नावे आठवून लिहिण्यापेक्षा घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, चकरेची, डोकेदुखीची आणि मळमळीचीसुद्धा, पिशवीत घालून सोबत नेणे अधिक उपयुक्त ठरते.

अल्पसंख्य रुग्णांमध्ये तर कॅल्शियमची कमतरता हेच कंपवातसदृश लक्षणांचे मूळ असते. गळ्यातील अवटू ग्रंथीच्या मागे असलेल्या चार लहान परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियमचे नियमन करतात. काही जणांमध्ये त्या आपोआप निकामी होतात, तर काहींमध्ये अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत त्यांना इजा पोहोचते. रक्तातील कॅल्शियम घसरते, फॉस्फेट वाढते आणि काही वर्षांत मेंदूत हालचालींचे नियमन करणाऱ्या भागांवर क्षारांचे थर जमा होतात. सीटी स्कॅनमध्ये ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे स्पष्ट दिसतात. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येणे, हातापायांत गोळे येणे, फिट येणे या तक्रारी असलेल्या रुग्णांपैकी काहींना कालांतराने मंदपणा आणि ताठरपणा येतो. रक्तातील कॅल्शियमची साधी तपासणी केल्यास हा दोष उघड होतो. अशा रुग्णाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप दिले जाते. मेंदूतील जमा झालेले क्षार त्यामुळे विरघळत नाहीत, तथापि फिट आणि गोळे थांबतात आणि काही रुग्णांच्या हालचालींतही सुधारणा होते.